पफकाकांच्या दोन बाटल्या

पफकाका एका जागी स्वस्थ बसलेले मी फक्त फोटोत पाहिले आहेत, आणि त्या फोटोतही त्यांचा उजवा हात हललेला आला आहे. बाकीची माणसं बोलताना हातवारे करतात. पफकाका हातवारे करता करता अधूनमधून बोलायचे. शर्टाच्या खिशात, जिथे इतर लोक पेन अडकवतात तिथे, पावडरचा गोल मऊ पफ असायचा. समोरच्याच्या चेहऱ्यावर कुठे चमक दिसली की तो आपोआप बाहेर यायचा. समोर कोण आहे याच्याशी त्या पफाला देणंघेणं नसे. एकदा ते दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे पडले होते, तोंडात नळ्या कोंबलेल्या, आणि दिव्याखाली डॉक्टरचं कपाळ चमकायला लागलं. काकांनी पडल्या पडल्या हात वर करून ते टिपून घेतलं. दाढ काढण्याआधी डॉक्टर बाहेर जाऊन ग्लासभर पाणी पिऊन आला म्हणे.

आमच्यातला एक म्हातारा नट वारला तेव्हा आम्ही अंत्यदर्शनाला गेलो होतो. सगळे माना खाली घालून उभे, आणि काका आपले या पायावरून त्या पायावर. शेवटी त्यांनी नटाच्या मुलाला बाजूला घेतलं आणि म्हणाले की आयुष्यभर हा माणूस माझ्या हातून तयार झाल्याशिवाय लोकांसमोर गेला नाही, आज असा पिवळा कसा पाठवू? मुलगा रडता रडता हो म्हणाला. तो नट जिवंतपणी कधी दिसला नव्हता इतका टवटवीत होऊन गेला.

आम्ही दोघं एकाच स्टुडिओत होतो. मी एका मालिकेचे संवाद लिहायचो, ते तिथले चेहरे रंगवायचे. संवाद कुणाच्या लक्षात राहत नसत, चेहरे राहत, त्यामुळे स्टुडिओत मान त्यांना जास्त आणि खुर्ची मला नाही. मी बसायचो मेकअपच्या खोलीत, कारण त्या अख्ख्या इमारतीत थंड हवा तेवढीच. लांबट आरसा, त्याच्या कडेने बल्ब, त्यातले दोन कायम गेलेले, आणि आरशासमोर काकांचा ट्रे. या ट्रेबद्दल सांगायला हवं. काकांचा कंपन्यांच्या डब्यांवर विश्वास नव्हता. बाजारातून आणलेलं काहीही ते स्वतःच्या एकसारख्या डब्यांत आणि बाटल्यांत काढून ठेवायचे आणि त्यांवर काहीही लिहायचे नाहीत. कुठलं काय आहे हे फक्त जागेवरून ओळखायचं. काम करताना त्यांची नजर चेहऱ्यावरून हलत नसे. हात मागे जायचा, ट्रेमधल्या ठरलेल्या जागेवरून हवं ते उचलायचा आणि परत यायचा. ट्रेला दुसऱ्या कुणी हात लावला तर गोड स्वभावाचे काका एकदम साप होत.

आमच्या मालिकेची नायिका म्हणजे मॅडम. मालिका इतकी वर्षं चालली होती की पहिल्या भागात रांगणारं मूल आता तिच्याशीच संपत्तीसाठी भांडत होतं, पण मॅडमच्या चेहऱ्यावर त्याचा ओरखडा नव्हता. त्या चेहऱ्यावर तीन साबण आणि एक क्रीम पोट भरत होतं. चौकातल्या फलकावर तो चेहरा एवढा मोठा लावलेला की नाकाच्या शेंड्यावर पक्षी घरटं करून राहिले होते. ‘मॅडमसारखी कातडी’ हा आमच्याकडे मुलींना टोमणा मारायचा शब्द झाला होता.

आता हे सगळ्यांनाच माहीत आहे म्हणून लिहितो: त्या चेहऱ्यावर उजव्या भुवईच्या वर एक पांढरा डाग होता, आणि दुसरा हनुवटीखाली जबड्याच्या कडेला. कोडाचे डाग. भुवईवरचा पहिल्यांदा काकांच्या बोटाला सापडला, मॅडमच्या नजरेला पडायच्या आधी. त्यांनी काही न बोलता तो झाकला. दुसऱ्या दिवशीही झाकला. मग मॅडमनीच आरशातून विचारलं, आणि त्या दिवसापासून मेकअपच्या सुरुवातीला दाराला आतून कडी लागायला लागली. डागांना नाव पडलं पाहुणे. ‘काका, पाहुणे झोपले का?’ असं मॅडम विचारायच्या, काका हो म्हणायचे, आणि मग कडी निघायची. मी तिथे रोज बसणारा माणूस, कडी निघेपर्यंत तेवढा दाराबाहेर; मलाही ते गप्प राहून गंडवत आले. मला वाटायचं मॅडमच्या घरी फार वर्दळ असते.

काकांना एक मुलगी. पोहण्यात अशी पटाईत की तिचं नाव घरात मासोळी पडलं होतं. ती तरण तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. मुलं तिच्यावर जीव टाकायची, कारण ती त्यांना ‘घाबरू नकोस’ असं कधीच म्हणायची नाही. ती म्हणायची, ‘घाबर, पण पाय हलव.’ तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर डाग आले, मग ओठांच्या कडेला. तिने काही दिवस बाह्यांचे कपडे घालून पाहिले, मग ते वाऱ्यावर सोडून दिलं आणि दवाखान्यात जाऊन औषध सुरू केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे कुणाला लागत नाही, धोका काही नाही, फरक पडायला वेळ लागेल, तोवर खुशाल पोहत राहा.

मुलं तर विचारून मोकळी झाली होती. एकीने विचारलं, हे रंगवलेत का, मासोळी नाही म्हणाली, विषय संपला. अडचण बाकांवर बसणाऱ्या पालकांची होती, आणि त्यांत एका गृहस्थांची. हे गृहस्थ छपराखालच्या तलावावरही गॉगल घालून बसत. त्यांनी व्यवस्थापकांना विचारलं की हे पाण्यातून पसरतं का. व्यवस्थापक हा शेवटचं कोण बोललं त्याचं म्हणणं पटणारा माणूस. त्यांनी मासोळीला बोलावून सांगितलं की काही दिवस विश्रांती घ्या. ती म्हणाली, मी दमलेली नाही. ते म्हणाले, तुमचं बरोबर आहे. मग गॉगलवाले आत आले, आणि त्यांचंही बरोबर निघालं.

मासोळी घरी बसली. आणि काकांचं बूड, जे एरवीही खुर्चीला फारसं टेकत नसे, ते आता जमिनीपासूनच सुटलं.

माणूस आपल्याला जे येतं तेच करायला धावतो. काकांना झाकता येत होतं. त्यांनी ठरवलं की पाण्यात न निघणारा मेकअप करायचा. रंग तर त्यांच्याकडे होता. हवा होता त्याच्यावर मारायचा असा एक पातळ लेप, जो वाळला की पाण्याला दाद देणार नाही. मग त्यांच्या स्वयंपाकघरात जे सुरू झालं त्याचं वर्णन काकू अजूनही नाक दाबून करतात. ओट्यावर मेण, डिंक, कसली कसली द्रावणं, आणि त्यांत पीठ मळायच्या तयारीत उभ्या काकू. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे बूट शिजवताय का? काकू म्हणाल्या, अजून नाही, पण ह्यांचा पाय सापडला की तेही करीन. रोज संध्याकाळी मासोळीने एक कोपर बादलीत बुडवून बसायचं आणि काकांनी बादलीभोवती फेऱ्या मारायच्या. रंग सुटायचा, बादली गढूळ व्हायची, काका पुन्हा ओट्याकडे.

आणि एके दिवशी रंग सुटला नाही. काकांनी चोळलं, घासलं, काकूंनी भांडी घासायचा काथ्या आणून दिला. कोपर जसंच्या तसं. काका घरभर नाचले. मासोळीने हात पुसला, कोपराकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, मी रेनकोट घालून पोहणार नाही.’

काकांनी समजूत घातली. नुसतं पालकांपुरतं, थोडे दिवस. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की एखाद्या मुलाने मला धरलं आणि त्याच्या हाताला रंग लागला, तर त्याला मी काय सांगू? मला लपून परत जायचं नाही. त्यापेक्षा तुझ्या मॅडमसारखं कुणीतरी एकदा टीव्हीवर सांगू दे की हे लागत नाही, सगळे गपचूप ऐकतील. ती सहज बोलली. तिला काहीच माहीत नव्हतं. काकांच्या हातातली बाटली मात्र ओट्यावर आपटली.

योगायोग म्हणा, पण त्याच सुमारास एक डॉक्टरबाई स्टुडिओत आल्या. त्वचारोगांच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही वर्षानुवर्षं सांगतोय की कोड लागत नाही, लपवू नका, उपचार घ्या, आणि लोक मान डोलावून घरी जातात आणि बायकोची ताटवाटी वेगळी करतात. आमचं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील. मॅडमनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही, हो म्हणाल्या, आणि मग दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. डॉक्टरबाई खूश होऊन गेल्या. त्यांनी मॅडमना निवडलं होतं ते त्या नितळ चेहऱ्यासाठीच.

जाहिरात करून द्यायला एक तरुण दिग्दर्शक फुकट तयार झाला. त्याला आम्ही जाहिरातवाला म्हणू, कारण तो स्वतःला कलावंत म्हणायचा. त्याची कल्पना अशी: मॅडमच्या चेहऱ्यावर खोटे पांढरे डाग रंगवायचे. मॅडम कॅमेऱ्यात बघून बोलणार. शेवटी ओल्या पांढऱ्या कपड्याने त्या ते डाग पुसणार आणि म्हणणार, ‘बघा, मी तीच आहे.’ डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, अहो, पण ते पुसले जात नाहीत. जाहिरातवाला म्हणाला, बाई, ते प्रतीक आहे. फुकट काम करणाऱ्या माणसाशी वाद घालण्याइतकं अवघड काही नाही. वाक्यं मी लिहिली होती, आणि मीही प्रतीक आवडल्यासारखा चेहरा केला होता.

आता काकांच्या मानेवर काय काय बसलं ते बघा. खरे डाग झाकायचे. त्यांच्याशेजारी खोटे काढायचे. खोटे पाण्याने निघायला हवेत आणि खऱ्यांवरचा रंग त्याच पाण्यात टिकायला हवा. ते तर जमलं असतं, ओट्यावरचा लेप होताच. पण घरी जिची नोकरी गेली होती ती मुलगी, आणि इथे जिच्या एका शब्दावर ती परत मिळाली असती ती बाई, यांच्यामध्ये हा एकटा माणूस उभा. मॅडमना ‘तुमचे खरे दाखवा’ म्हणायचं? ज्या चेहऱ्यावर तीन साबण आणि एक क्रीम जगतं त्या चेहऱ्याला? आणि सांगणार कोण, तर ज्याच्या भरवशावर दाराला कडी लागत होती तोच?

त्या आठवड्यात काकांनी मॅडमना कित्येकदा विचारायला तोंड उघडलं. मी तिथेच होतो. ‘मॅडम, एक विचारू?’ ‘विचारा ना, काका.’ काका आरशात बघायचे, ट्रेकडे बघायचे, आणि म्हणायचे, ‘थंड हवा कमी करू का?’ मॅडम म्हणायच्या, करा. आठवड्याच्या शेवटी ती खोली इतकी उकडायला लागली की मी कॉरिडॉरमध्ये बसायला गेलो.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी काकांनी कडी लावून पाहुण्यांना झोपवलं. मग दार उघडून खोटे डाग काढायला घेतले: एक गालावर, एक हनुवटीच्या मध्यावर, एक हाताच्या पाठीवर. काम देखणं झालं. आता उरलं होतं ते दोन बाटल्यांचं. डावीकडच्या बाटलीत घरचा लेप, तो खऱ्यांवरच्या रंगावर मारायचा. उजवीकडच्या बाटलीत साधं पाणी, ते खोट्यांवर फवारायचं, नुसती पावडर बसावी म्हणून. तेवढ्यात जाहिरातवाला कॉफीचा मोठा पेला घेऊन आत आला. पेला ठेवायला जागा नव्हती. त्याने ट्रे उचलला, आरशासमोर आडवा होता तो फिरवून, डावी बाजू उजवीकडे येईल असा, कडेला सरकवला, आणि पेला ठेवून काकांच्या मागे उभा राहून ‘वा, वा’ म्हणायला लागला. काकांची नजर चेहऱ्यावर होती. हात मागे गेला, डावीकडची बाटली उचलली. मग उजवीकडची.

करड्या पडद्यासमोर एक उंच स्टूल, त्यावर मॅडम. दिवे लागले. मॅडमनी माझी वाक्यं म्हटली: हे डाग शिवल्याने लागत नाहीत, एकत्र जेवल्याने लागत नाहीत, लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. छान म्हटली. मग त्यांनी ओला कपडा उचलून गालावरून फिरवला.

गालावरचा डाग हलला नाही.

जाहिरातवाला म्हणाला, जरा जोरात, मॅडम. मॅडमनी जोरात पुसलं. कपडा पुन्हा भिजवून दिला गेला. मॅडम आता करपलेलं भांडं घासावं तशा घासत होत्या, आणि काकांचा ओट्यावरचा लेप, ज्याने मासोळीच्या कोपरावर काथ्यालाही दाद दिली नव्हती, तो तिथे ऐटीत बसून होता. कपडा कपाळावरून गेला, पाण्याचे ओघळ जबड्यावरून गेले. पांढरा कपडा तपकिरी झाला. कॅमेऱ्यामागचा माणूस भिंगातून डोळा काढून उभा राहिला. मॅडमच्या उजव्या भुवईवर आणि जबड्याच्या कडेला, जिथे खोटं काही रंगवलेलं नव्हतं, तिथे पांढरं दिसत होतं.

जाहिरातवाल्याने काकांकडे वळून विचारलं की मी तीन डाग सांगितले होते, हे जास्तीचे दोन कुणी काढले, आणि यातला एकही निघत का नाही?

काका त्याआधीच समजून चुकले होते. त्यांचा चेहरा त्या अंत्यदर्शनातल्या नटासारखा झाला, रंगवायच्या आधीच्या. ते म्हणाले, ‘माझी चूक आहे. मीच जास्तीचे काढले. हात चालला.’ आणि पफ काढून पुढे धावले. जाहिरातवाला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. गोषवारा असा, की या वयात माणसाने घरी बसावं, दुसरा मेकअपवाला बोलवा आणि यांचं नाव स्टुडिओत पुन्हा ऐकू येऊ देऊ नका. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. बोलणारा थांबला तरी त्यांची मान हलतच होती.

मॅडमनी हात करून काकांना जवळ बोलावलं आणि हातात धरायचा छोटा आरसा मागितला. स्वतःकडे बघितलं.

‘काका, हे गालावर काय मारलंत तुम्ही?’

‘लेप आहे, मॅडम. तो तिकडे मारायचा होता. ट्रे फिरला.’

‘बाजारातला आहे?’

‘घरी केला.’

‘माझ्यासाठी?’

काकांनी पफ खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘मुलीसाठी.’

मॅडमना काकांना मुलगी आहे आणि ती पोहते एवढंच माहीत होतं. काकांनी खाली बघत सांगितलं की ती मुलांना शिकवायची, तलावावरून तिला घरी बसवलं आहे, पालकांना पाण्याची भीती वाटते. ‘इतकी वर्षं रोज समोर बसते मी तुमच्या,’ मॅडम म्हणाल्या, ‘आणि हे मला सांगितलं नाहीत?’

‘तुमचं झाकून ठेवायचं म्हटल्यावर, मॅडम, आमचं कसं काढू?’

मॅडम स्टुलावरून उतरल्या. जाहिरातवाल्याला म्हणाल्या, ‘त्यांना ओरडू नका. जास्तीचे दोन त्यांनी काढलेले नाहीत. ते माझे आहेत. तुमचे तीन आहेत ना, ते निघत नाहीयेत.’

तो हसला. त्याला वाटलं मॅडम म्हाताऱ्याला सांभाळून घेताहेत. डॉक्टरबाई मात्र पुढे आल्या, त्यांनी मॅडमचा चेहरा दिव्याकडे वळवला, भुवईवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, कधीपासून? मॅडमनी सांगितलं. उपचार? मॅडमनी काकांकडे बोट दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘हे उपचार नाहीत. उद्या माझ्याकडे या.’ आणि जाहिरातवाल्याकडे न बघता म्हणाल्या की आता ते पुसणं राहू द्या.

जाहिरातवाला दोन मिनिटं खाली बसला. उठला तेव्हा मॅडमनी खऱ्या डागांनिशीच बोलायचं, ही त्याचीच कल्पना होती.

खोटे डाग घालवायला दुपार झाली, कारण काकांनी लेप शोधला होता, तो काढायचा कसा हे शोधलंच नव्हतं. तेल झालं, साय झाली, शेवटी डॉक्टरबाईंच्या पर्समधून काहीतरी निघालं. मॅडमचा गाल लाल झाला. मग त्या तशाच स्टुलावर बसल्या, तोंड धुतलेल्या, आणि काकांना सांगितलं गेलं की हात लावायचा नाही. काकांना ते बघवेना. ते कॉरिडॉरमध्ये येऊन वायरींवरून उड्या मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला लागले. मी बरोबर. ‘नाक चमकत असेल हो,’ एवढंच पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, चमकू द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाला नागडं बाहेर पाठवा म्हटलं. आणि मग त्यांचं खरं निघालं. ‘मॅडमनी माझ्यामुळे बोलायला नको होतं. त्यांचं सगळं गेलं तर ते माझ्या हातून गेलं.’ आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. दारावर लाल दिवा, आणि काका त्याच्याकडे बघत फेऱ्या मारत.

मॅडमनी माझ्या वाक्यांतलं एकही घेतलं नव्हतं, हे मला जाहिरात टीव्हीवर लागली तेव्हा कळलं. त्या भुवईवर बोट ठेवून म्हणतात, हा माझा आहे, मी बरीच वर्षं लपवला, त्यामुळे उपचार उशिरा सुरू झाले. मग म्हणतात, ‘असे डाग असलेली बाई तुमच्या मुलांना पोहायला शिकवत असेल, तर शिकू द्या. पाणी तेच राहतं.’ बस, एवढंच.

पुढचं सगळं एकदमच झालं. क्रीमवाल्यांनी चौकातला फलक उतरवला; पक्ष्यांची तारांबळ उडाली. मालिकेत मॅडमच्या पात्राला घाईघाईने परदेशी पाठवलं, आणि तो निरोपाचा प्रसंग मीच लिहिला. मग प्रेक्षकांनी आरडाओरडा केला तेव्हा तिला परत आणायचा प्रसंगही मीच लिहिला. एक साबण राहिला, बाकीचे विचार करताहेत. रुग्णालयाच्या दाराशी रांग लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, मी वीस वर्षं हेच सांगत होते; पण त्या हसत होत्या.

मासोळी हसली नाही. तिने जाहिरात उभ्यानेच पाहिली. काकांना वाटलं होतं ती गळ्यात पडेल. ती म्हणाली, ‘हेच मी त्या गॉगलवाल्याला सांगितलं होतं, बाबा. तलावाच्या काठावर, ओल्या अंगाने, मोठ्यांदा. मी बोलले तेव्हा मी आजारी होते. त्या बोलल्या तर त्या धाडसी.’ काकू म्हणाल्या, खरं आहे तुझं, आणि आता व्यवस्थापकांचा फोन आला तर उचल.

फोन आला. व्यवस्थापकांचं पहिल्यापासून हेच मत होतं. मासोळीने दोन दिवस थांबवलं त्यांना, मग गेली.

त्या दिवशी काकांनी मलाही ओढून नेलं, एकट्याने बसवणार नाही म्हणून. बसलेच नाहीत, तो भाग वेगळा. बाकांवर पालक नेहमीपेक्षा थोडे. काही मुलं आलीच नव्हती, आणि ती पुढेही येणार नव्हती, हे व्यवस्थापक आम्हाला सांगत होते आणि उलटंही सांगत होते. गॉगलवाले आले. बरोबर मुलगी. ते आमच्या शेजारी टेकले आणि काकांना न ओळखता म्हणाले, कौतुकाच्याच सुरात, ‘त्या मॅडमला आहे तेच ना हे हिला?’

‘नाही,’ काका म्हणाले. ‘हिचं हिचंच आहे.’

गॉगलवाल्यांना ते झेपलं नाही. पण त्यांचं लक्ष तोवर पाण्याकडे गेलं होतं. त्यांची मुलगी काठाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून कमरेपर्यंत पाण्यात उभी होती आणि सोडत नव्हती. मासोळी तिच्यापासून हातभर अंतरावर, दोन्ही हात पुढे, कोपरांवरचे डाग उघडे. गॉगलवाले अर्धवट उठले. उभे असलेले काकाही पुढे वाकले. एकाला वाटत होतं मुलगी बुडेल, आणि दुसऱ्याला वाटत होतं ती तो हात धरणार नाही.

मासोळीने वर पाहिलं, दोन बाप असे वाकून उभे बघून म्हणाली, ‘तुम्ही दोघं बसा. पोरगी तुमच्यामुळे घाबरतेय.’ आणि पुन्हा पाण्याकडे वळली.

मुलीने दांडीवरचा एक हात सोडला. तो थोडा वेळ हवेत राहिला. मग तिने मासोळीचं कोपर धरलं, अगदी डागावरच, कारण तेच सगळ्यात जवळ होतं, आणि दुसराही हात सोडला. ‘पाय,’ मासोळी म्हणाली. पाणी उडायला लागलं. गॉगल ओला झाला तरी गृहस्थांनी तो पुसला नाही, आणि बसलंही कुणी नाही.